खेळाडूचें मन व त्याची प्रेरणा

दरवर्षीं डिसेंबरांत शाळेचे मैदानी सामने सुरू झाले म्हणजे एक गोष्ट आमच्या दृष्टीस पडते. आमच्या विद्यार्थिवाचकांच्या नजरेंतूनही ती सुटली नसेल. पांचवी-सहावीच्या मुलांस मैदानावर बोलवावें लागत नाहीं. मधल्या सुट्टीची घंटा होण्याच्या आधींच त्यांचे डोळे खिडकीबाहेर गेलेले असतात, आणि घंटा झाली कीं अर्ध्या डब्यावरून उठून तीं कुंपणाजवळ हजर! तींच मुलें नववींत गेलीं म्हणजे मात्र त्यांस मैदानावर आणण्यासाठीं शिक्षकांस वर्गोवर्गीं फिरावें लागतें. कोणास शिकवणी असते, कोणाचा पाय दुखत असतो, कोणी आज डोकें जड आहे म्हणून सांगतो. ह्या तीनचार वर्षांत होतें तरी काय? उंची वाढते, अंगांत बळ येतें, हातापायांस कसब येतें; मग एकटी इच्छाच कां आटावी?

ह्या प्रश्नाचा शोध घेणारें एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्यास क्रीडामानसशास्त्र म्हणतात. खेळाडूचे स्नायू, आहार व विश्रांति ह्यांची चिंता वैद्य व व्यायामशिक्षक वाहतात. खेळण्यापूर्वीं, खेळतांना आणि खेळ सोडून देतांना त्याच्या मनांत काय चालतें ह्याचा विचार हें शास्त्र करतें. शास्त्र तरुण आहे, त्याचें वय सव्वाशें वर्षांहून फारसें अधिक नाहीं. आमच्या मतें शाळामास्तरास त्याची तोंडओळख तरी असणें अत्यंत अगत्याचें आहे. आणि ती आम्हांस फार उशीरां झाली, हें आरंभींच कबूल करून टाकतों.

अमेरिकेंतील इंडियाना विश्वविद्यालयांत नॉर्मन ट्रिपलेट नांवाचे एक संशोधक होते. त्यांस सायकलींच्या शर्यतींचा मोठा नाद. शर्यतींच्या नोंदी चाळतांना त्यांस असें आढळलें कीं, एकटा सायकलस्वार केवळ घड्याळाशीं झुंजतो तेव्हांपेक्षां, दुसरा स्वार सोबतीस असतां, तो अधिक वेगानें जातो. पण ह्याचें कारण मन कीं वारा? पुढचा स्वार मागच्याचा वारा अडवितो, हेंही खरेंच. तेव्हां वाऱ्याचा संबंधच येऊं नये म्हणून त्यांनीं मुलांस मासे धरण्याच्या गळाची दोरी गुंडाळण्याचीं चाकें दिलीं, आणि तीं एकदां एकट्यानें व एकदां जोडीनें शक्य तितक्या वेगानें फिरविण्यास सांगितलें. हा प्रयोग १८९८ सालीं प्रसिद्ध झाला. ४० मुलांपैकीं २० मुलांनीं जोडीदार असतां चाक अधिक वेगानें फिरविलें. १० मुलांवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाहीं. आणि उरलेलीं १० मुलें चक्क मंदावलीं! जिंकण्याच्या घाईनें त्यांचे हात आंखडले, चेहरे लाल झाले, श्वास फुलला, आणि एकट्यानें जें सहज जमत होतें तें चारचौघांत बिघडलें.

पाठ्यपुस्तकांतून पहिल्या २० मुलांचें कौतुक पुष्कळ होतें. आमचें मन त्या शेवटच्या १० मुलांवरून हलेना. चुरस लावून द्यावी म्हणजे मुलें आपोआप पेटतात, असें आम्ही वीस वर्षें समजत आलों. पेटणारीं पेटतात हें खरें. परंतु चौथा हिस्सा मुलें त्याच आगीनें होरपळतात, हें १८९८ पासून छापून ठेवलेलें आहे. सरावांत उत्तम सूर मारून, सामन्याच्या दिवशीं पहिल्याच मिनिटाला बाद होऊन येणारा खो-खोपटू प्रत्येक शाळेंत असतो. त्यास आपण भित्रा म्हणून मोकळे होतों.

अशा खेळाडूंस हात देण्याचें काम आमच्या शेजारच्या नाशिक शहरांत एका गृहस्थांनीं कित्येक वर्षें केलें. कैलासवासी भीष्मराज बाम हे पोलीस खात्यांतील वरिष्ठ अधिकारी. पण महाराष्ट्रास त्यांची ओळख क्रीडामानसतज्ज्ञ म्हणून अधिक आहे. २०१७ सालीं ते निवर्तले. २००२ सालीं नेमबाजींत जगांत पहिल्या क्रमांकावर पोंचलेल्या अंजली भागवत, क्रिकेटपटु राहुल द्रविड अशा नामांकित खेळाडूंस त्यांच्या मार्गदर्शनाचा लाभ झाला. ‘विनिंग हॅबिट्स’ ह्या नांवाचें त्यांचें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध आहे. परदेशी शास्त्र त्यांनीं वाचलें होतें, पण त्याची सांगड त्यांनीं आपल्या योगशास्त्राशीं घातली. श्वास संथ करणें, शरीर सैल सोडणें, जी कृति करावयाची ती आधीं मनश्चक्षूंपुढें अथपासून इतिपर्यंत उभी करणें, आणि निकालाचा विचार बाजूस सारून हातांतल्या क्षणावर चित्त ठेवणें, हीं त्यांची साधनें. नेमबाजाच्या बाबतींत ह्याची गरज कोणासही पटेल. कारण बंदूक धरलेल्या माणसाचें काळीज धडधडूं लागलें तर नळीचें टोंक हलतें, आणि टोंक केंसभर हललें तरी गोळी कोठल्या कोठें जाते. पण खो-खोच्या पाटीवर बसलेल्या मुलाचें काळीज कांहीं निराळें नसतें. आम्हांस विशेष वाटतें तें हें कीं, हीं साधनें विकत आणावीं लागत नाहींत. पाथर्डीच्या किंवा अकोल्याच्या डोंगराळ भागांतल्या शाळेसही तीं परवडतात.

येथवर झाला तो सामन्याच्या दिवसाचा विचार. पण आमचा मूळ प्रश्न सामन्याचा नव्हता. मुलें मैदानावर येणेंच कां सोडतात हा होता. त्याविषयीं लिहितांना आमचीच एक फजिती सांगणें प्राप्त आहे.

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. सातवीच्या वर्गांतील दहाबारा मुलें रोज सकाळीं प्रार्थनेच्या आधीं मैदानाभोंवतीं धांवत असत. त्यांस कोणी सांगितलें नव्हतें. एक पुढें, बाकीचे त्याच्या मागें, मध्येंच कोणी तरी पडावयाचा, सगळे हंसावयाचे. आम्हांस वाटलें, ह्या उत्साहास उत्तेजन द्यावें. दहा फेऱ्या पुऱ्या करील त्यास एक पेन, असा आम्हीं पुकारा केला आणि पदरचे पैसे खर्चून पेनांचा एक डबा आणून ठेवला. पहिला आठवडा मैदान फुलून गेलें. दुसऱ्या आठवड्यांत फेऱ्या मोजण्यावरून भांडणें सुरू झालीं. कोपरा चुकवून आंतून वळणारे निघाले. पडलेल्यास पाहून हंसणें बंद झालें, कारण थांबावयास कोणास सवड नव्हती. महिन्याभरानें पेनें संपलीं. त्यानंतरच्या सोमवारीं मैदानावर दोन मुलें होतीं, आणि गुरुवारीं एकही नाहीं. आधीं जीं फुकट धांवत होतीं, तींही आलीं नाहींत!

आम्हीं मुलांस दोष दिला. चूक मुलांची नव्हती, हें पुढें एका जुन्या प्रयोगाची हकीकत वाचतांना ध्यानांत आलें. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट ह्या तिघां संशोधकांनीं तो अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथील बालवर्गांत केला आणि १९७३ सालीं प्रसिद्ध केला. रंगीत पेनांनीं चित्रें काढण्याची ज्यांस मुळांतच आवड होती अशीं लहान मुलें त्यांनीं निवडलीं व त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटास आधींच सांगितलें कीं, चित्र काढाल तर सोनेरी तारा व फीत लावलेलें प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटास कांहीं न सांगतां चित्र झाल्यावर तेंच प्रशस्तिपत्र दिलें. तिसऱ्यास कांहींच दिलें नाहीं. मग एकदोन आठवडे जाऊं दिले, आणि मोकळ्या वेळांत ते रंग पुन्हा टेबलावर मांडून ठेवले. दुसऱ्या व तिसऱ्या गटांतील मुलें पूर्वींसारखींच चित्रें काढीत बसलीं. ज्यांस बक्षिसाचा करार करून चित्र काढावयास लावलें होतें, त्यांनीं मात्र त्या रंगांस इतरांच्या सुमारें निम्माच वेळ दिला. खेळ होता त्याचें काम झालें, आणि कामाची मजुरी बंद झाल्यावर कोण राबतो?

हाच विचार एडवर्ड डेसी ह्यांनीं लाकडी ठोकळ्यांच्या कोड्यावर प्रयोग करून १९७१ सालीं मांडला होता. कोडें सुटल्याबद्दल पैसे मिळालेले विद्यार्थी, पैसे बंद झाल्यावर, रिकाम्या वेळांत त्या कोड्यास पूर्वींइतका हात लावीनात. परंतु ज्यांस पैशांऐवजीं शाबासकीचे चार शब्द मिळाले, त्यांची गोडी कमी झाली नाहीं. पुढें रिचर्ड रायन ह्यांच्यासह त्यांनीं ह्यावर एक सबंध सिद्धांत उभारला. अर्थात् हें सर्वांनींच मान्य केलें असें नाहीं. बक्षिसाचे दुष्परिणाम फुगवून सांगितले जातात, असें म्हणणारा पंडितांचा एक पक्ष १९९४ सालीं पुढें आला. त्यास उत्तर म्हणून डेसी, रायन व त्यांचे सहकारी रिचर्ड कोस्टनर ह्यांनीं १२८ प्रयोगांचा एकत्र हिशेब १९९९ सालीं प्रसिद्ध केला. त्यावरून असें दिसतें कीं, ज्या कामांत मुळांत गोडीच नाहीं त्यास बक्षीस लावल्यानें गोडी मारली जात नाहीं. जेथें गोडी आधींच आहे, तेथें ‘असें कराल तर हें देईन’ असा करार घातक होतो. आमच्या पेनांच्या डब्यावर ह्याहून चांगलें भाष्य आम्हांस सुचत नाहीं.

कोणी म्हणेल, मास्तर, पोट भरलेल्या देशांतील हीं तत्त्वें आमच्या शेतकऱ्याच्या मुलास काय कामाचीं? त्यास खेळामुळें नोकरी लागत असेल तर तो त्यासाठीं कां धांवूं नये? हा आक्षेप खरा आहे, आणि आम्ही तो उडवून लावणार नाहीं. महाराष्ट्र सरकारनें गुणवंत खेळाडूंसाठीं नोकऱ्यांत शेंकडा ५ जागा राखून ठेवल्या आहेत. पोलीस भरतीसाठीं पहांटे सडकेवर धांवणारीं मुलें आमच्या जिल्ह्यांत गांवोगांव दिसतात, आणि त्यांच्या धांवण्यास कमी लेखण्याचा अधिकार पगारदार मास्तरास नाहीं. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडी गांवच्या स्वप्निल कुसळे ह्यांनीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत २०२४ सालीं नेमबाजीचें कांस्यपदक मिळविलें. ते तेव्हां मध्य रेल्वेंत तिकीट तपासनीस होते. ती नोकरी नसती तर बंदुकीच्या गोळ्यांचा खर्च कोठून निघाला असता?

पण शास्त्रानेंही ह्या बाबतींत केवळ काळें आणि पांढरें असे दोनच रंग मानलेले नाहींत. कॅनडांतील संशोधकांनीं खेळाडूंची प्रेरणा मोजण्यासाठीं २८ विधानांची एक प्रश्नपत्रिका तयार केली. तिचें इंग्रजी रूप १९९५ सालीं प्रसिद्ध झालें. ‘तूं हा खेळ कां खेळतोस?’ एवढाच तिचा प्रश्न. प्रत्येक विधान आपणांस कितपत लागू आहे हें खेळाडूनें १ ते ७ ह्यांपैकीं एक आंकडा लिहून सांगावयाचें. त्यावरून प्रेरणेचे सात प्रकार निघतात. एका टोंकास ‘कां खेळतों कोण जाणे’ अशी उदासीनता, दुसऱ्या टोंकास शिकण्याचा, जमण्याचा व अंगांत चैतन्य खेळण्याचा निखळ आनंद. आणि मध्यें पायऱ्या आहेत. कोणी ढालीसाठीं खेळतो; कोणी न खेळल्यास स्वतःची लाज वाटते म्हणून; कोणी, खेळानें माझें अमुक भलें होईल असें स्वतः पटवून घेऊन खेळतो. हा शेवटला मनुष्य बाहेरच्या फळासाठीं खेळत असला तरी तें फळ त्यानें स्वतः निवडलेलें असतें. भरतीसाठीं धांवणारा तरुण बहुधा ह्या पायरीवर असतो. बापानें दटावून मैदानावर धाडलेला मुलगा त्या पायरीवर नसतो, जरी दोघे एकाच सडकेवर धांवत असले तरी.

डेसी-रायन ह्यांच्या मतें मनुष्याची प्रेरणा तीन गोष्टींवर जगते : जें करतों तें मीं निवडलें आहे ही भावना, तें मला जमूं लागलें आहे ही जाणीव, आणि ज्यांच्यासोबत करतों त्यांचा मी आहें ही आपुलकी. ह्या तिहींवर पुस्तकेंच्या पुस्तकें लिहिलीं गेलीं आहेत, पण आम्हांस तीं वाचतांना एक जुनीच गोष्ट आठवली. १८९१ सालच्या हिवाळ्यांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शिक्षकविद्यालयांत १८ विद्यार्थ्यांचा एक वर्ग होता. बाहेर बर्फ, म्हणून आंत रोज कवाइतीचे तेच ते हातपाय हलविणें. विद्यार्थी कंटाळून गेले, शिक्षकांशीं उद्धटपणें वागूं लागले. दोन शिक्षकांनीं हात टेंकले. तेव्हां जेम्स नेस्मिथ ह्या तिसऱ्या तरुण शिक्षकाकडे तो वर्ग आला. मुख्यांनीं त्यास दोन आठवड्यांची मुदत दिली. त्यानें दंडही वाढविला नाहीं आणि बक्षीसही लावलें नाहीं. व्यायामशाळेच्या सज्जास पीच फळांच्या दोन टोपल्या दोन बाजूंस ठोकल्या, १३ नियम लिहून भिंतीवर लावले आणि मुलांच्या हातांत चेंडू दिला. तोच बास्केटबॉल. नाठाळ म्हणून गाजलेल्या त्या वर्गास मग खेळा म्हणावें लागलें नाहीं. थांबा म्हणावें लागलें. आळशी मुलें आणि कंटाळवाणा तास ह्यांतील भेद नेस्मिथ ह्यांनीं प्रश्नपत्रिकेवांचून ओळखला होता.

आतां रागें भरण्याविषयीं. ह्या बाबतींत वॉशिंग्टन विश्वविद्यालयांतील रोनाल्ड स्मिथ व फ्रँक स्मॉल ह्या दोघां प्राध्यापकांचें काम आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. त्यांनीं मुलांच्या बेसबॉल संघांच्या शिक्षकांस मैदानावर बसून न्याहाळलें, कोण किती वेळां काय बोलतो ह्याच्या नोंदी ठेवल्या, आणि मग कांहीं शिक्षकांस सुमारें अडीच तासांचें शिक्षण दिलें. चांगल्या खेळाचें तसेंच नुसत्या प्रयत्नाचेंही कौतुक करा. चूक झाली तर आधीं धीर द्या व मग कसें करावें तें दाखवा. टोंचून बोलूं नका. इतकेंच. पुढच्या वर्षीं किती मुलें परतलीं हें त्यांनीं मोजलें, आणि तो वृत्तांत १९९२ सालीं प्रसिद्ध झाला. नेहमींच्या शिक्षकांच्या हाताखालील मुलांपैकीं शेंकडा २६ मुलांनीं खेळ सोडला होता. शिक्षण घेतलेल्या शिक्षकांच्या मुलांपैकीं शेंकडा ५. विशेष हें कीं, दोन्ही बाजूंच्या संघांच्या जयपराजयांत फरक नव्हता. म्हणजे मुलें हरल्यामुळें खेळ सोडीत नाहींत. हरल्यावर जें ऐकावें लागतें त्यामुळें सोडतात.

चूक झाल्यावर काय करावें ह्याचा एक धडा आमच्याच जिल्ह्याच्या सुपुत्रानें साऱ्या जगापुढें घालून दिला आहे. अजिंक्य रहाणे ह्यांचा जन्म संगमनेर तालुक्यांतील आश्वी खुर्दचा, १९८८ सालचा. १९ डिसेंबर २०२० रोजीं अ‍ॅडिलेड येथें भारताचा डाव ३६ धावांत आटोपला. भारताच्या कसोटी इतिहासांत इतका अल्प डाव दुसरा नाहीं. नायक विराट कोहली मायदेशीं परतले आणि खचलेल्या संघाची धुरा रहाणे ह्यांच्याकडे आली. आठवड्यानें मेलबर्न येथें त्यांनीं शतक ठोकलें. ११२ धावांवर असतां जोडीदार रवींद्र जडेजा ह्यांच्या हांकेवरून एक चोरटी धाव घेतांना ते धावचीत झाले. अशा वेळीं बॅट आपटून, डोळे वटारून तंबूकडे जाणारे नायक आम्हीं पाहिले आहेत. रहाणे जातां जातां जडेजांजवळ गेले व त्यांनीं त्यांस थोपटलें. जडेजांनीं पुढें आपलें अर्धशतक पुरें केलें, भारत तो सामना ८ गडी राखून जिंकला, आणि १९ जानेवारी २०२१ रोजीं ब्रिस्बेन येथें मालिकाही २-१ अशी जिंकला. थोपटल्यामुळेंच सारें झालें असें म्हणण्याइतके आम्ही भोळे नाहीं. पण संगमनेरकडील कोणा मुलानें तो क्षण पाहिला असेल, तर त्यानें आमच्या दहा व्याख्यानांहून अधिक शिकून घेतलें असेल.

हें सर्व वाचून झाल्यावर गेल्या ऑगस्टांत आम्हीं एक धाडस केलें. नववी-दहावीच्या मुलांस कोऱ्या चिठ्या वाटल्या, आणि नांव न घालतां ‘मीं खेळ कां सोडला’ एवढेंच लिहून पेटींत टाकण्यास सांगितलें. शिकवणीचें कारण पुष्कळांनीं लिहिलें, घरच्या कामाचेंही लिहिलें; कांदे काढणीच्या दिवसांत मैदान कोठलें? निवड नेहमीं त्याच सात-आठ मुलांची होते, आम्ही नुसते चेंडू आणून देतों, असें लिहिणारेही निघाले. पण एका चिठीवर पेन्सिलीनें लिहिलें होतें : ‘तालुक्याच्या सामन्यांत माझा पाय रेषेबाहेर गेला. सर सर्वांपुढें म्हणाले, तुझ्यामुळें शाळा हरली.’

ते सर आम्हीच. तो सामना आम्हांस आठवतो, तें वाक्यही आठवतें. मुलगा कोण हें अद्याप आठवत नाहीं, आणि चिठ्या निनावी असल्यामुळें तें विचारतांही येत नाहीं. म्हणून एके दिवशीं प्रार्थनेनंतर ती चिठी आम्हीं साऱ्या शाळेपुढें वाचली आणि साऱ्या शाळेपुढेंच त्या मुलाची क्षमा मागितली. कोण तो, हें आम्हीं कोणाच्या चेहऱ्यावर शोधलें नाहीं.

त्यानंतर शनिवारचा शेवटचा तास मुलांच्या स्वाधीन केला आहे. कोणता खेळ खेळावयाचा, गडी कसे वांटावयाचे, हें मुलेंच ठरवितात. आमच्याकडे शिट्टी तेवढी आहे. आट्यापाट्या, ज्या आम्हांस वाटलें होतें कीं मुलें विसरलीं, त्या त्यांनीं स्वतः पुन्हा आंखल्या. दहावीचीं मुलें अजून फार थोडीं येतात. मार्चमध्यें आम्ही पुन्हा चिठ्या वाटणार आहोंत. त्यांत जें निघेल तें, आमच्याविरुद्ध असलें तरी, पुढील अंकांत छापूं.